पिकअप घेताना: पेट्रोल की डिझेल?

भिलाई-३ रायपूर-दुर्ग महामार्गावर वसले आहे. जवळच पोलाद कारखाना, आसपास भाजीपाल्याची शेती. अशा गावात पिकअप हौसेसाठी घेतली जात नाही, तिच्यावर घर चालते. ती बहुधा कर्जाने येते. इंजिनाची निवड चुकली तर भुर्दंड साऱ्या घराला पडतो.

‘डिझेलच घे, स्वस्त पडते,’ असे वडीलधारे सांगतात. त्यांच्या काळी ते खरे होते. पण ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलवरचे सरकारी दरनियंत्रण उठले. आता दोन्ही इंधनांच्या दरांत पूर्वीइतके अंतर नाही.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटते. म्हणून एका लिटरमध्ये गाडी जास्त धावते आणि कमी वेगातही भरलेला माल जोमाने ओढते. मात्र हा दाब सोसणारे इंजिन भक्कम लागते, त्यामुळे गाडीची किंमत वाढते. दुरुस्तीही महाग पडते.

आता हिशेब करून पाहा. समजा, डिझेल गाडी एक लाखाने महाग आहे. पेट्रोलचा खर्च किलोमीटरला १० रुपये व डिझेलचा ८ रुपये धरला, तर तो लाख वसूल व्हायला ५० हजार किलोमीटर धावावे लागेल. महिन्यात २५ दिवस, रोज १०० किलोमीटर फेऱ्या असल्या तर २० महिने पुरतात. रोज जेमतेम २० किलोमीटर असतील, तर आठ वर्षांहून अधिक काळ लागेल!

आणखी एक गोष्ट. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. नव्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी जाळी असते. ती जाळी साफ होण्यासाठी इंजिन चांगले तापावे लागते. गल्लीबोळातल्या छोट्या फेऱ्यांनी ती तुंबते.

आपल्याकडे दीड टनाच्या आसपासच्या पिकअप बहुतेक डिझेलच्याच मिळतात. हलक्या मालासाठी मात्र पेट्रोलच्या लहान गाड्या आहेत. २०२२ मध्ये टाटांनी पेट्रोल आणि सीएनजी दोन्हींवर चालणारी, एक टन माल नेणारी इंट्रा व्ही-२० आणली. सीएनजीचा विचार असेल तर पंप नेहमीच्या वाटेवर आहे ना, ते आधी पाहावे.

शोरूममध्ये जाण्यापूर्वी पंधरा दिवस एका वहीत रोजचे वजन आणि किलोमीटर लिहून ठेवा. कोणती गाडी परवडेल, हे शेजाऱ्यापेक्षा ती वहीच नेमके सांगेल.