मलप्रभेचा गळ, मालवणची गरी

आमच्या गावाचं नाव मच्छे, पण समुद्र सोडाच, गावात धड नदीही नाही. गळ टाकायचा तर खानापूरकडे मलप्रभेवर जायचं, सवड असली तर हिडकलच्या धरणावर. कणकेचा गोळा किंवा गांडूळ, पाण्यावर तरंगणारं बूच आणि बसायला एक दगड. रोहू, कटला, नशीब असेल तर मरळ. चार किलोचा कटला लागला की आठवडाभर ऑफिसात तोच विषय, एवढीच आमची झेप.

गेल्या डिसेंबरात मात्र एका मित्राला घेऊन समुद्रावर जायचं ठरवलं. शिनोळी, आंबोली, सावंतवाडी करत मालवण गाठलं. गंमत बघा, मलप्रभा उगम पावते ती आपल्याच खानापूर तालुक्यात, कणकुंबीला. पश्चिमेचा समुद्र तिथून किती जवळ! तरी ती त्याला पाठ दाखवून पूर्वेला जाते आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळते. तिने टाळलेला समुद्र आम्ही घाट उतरून गाठला.

मालवणात गळाला गरी म्हणतात आणि गळाने मासे धरण्याला गरवणं. तांडेलकाकांनी माझी काठी वाकवून बघितली आणि हसून परत दिली. "ही तळ्यातली. ऱ्हवांदे." त्यांच्या दोरीच्या शेवटी वीतभर पोलादी तार होती. रोहूच्या जबड्याला दात नसतात, त्यामुळे आपल्याला नायलॉनची दोरी पुरते. सुरमईचे दात कात्रीसारखे. तार नसेल तर मासाही गेला आणि गरीही गेली.

पहाटे अंधारातच निघालो. सिंधुदुर्ग किल्ल्याची काळी रेघ मागे पडली तेव्हा लांब पश्चिमेला पाण्यावर पांढरा उजेड दिसला, जत्रेत असतो तसा. मी विचारलं. "एलईडीवाले," काका म्हणाले. लख्ख दिवे लावायचे, उजेडाला मासे गोळा झाले की पर्ससीनचं जाळं टाकून सगळा थवाच उचलायचा. केंद्र सरकारने 2017 च्या नोव्हेंबरात याच्यावर बंदी घातली. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतचं पाणी राज्याचं, त्यापुढचं केंद्राचं. पर्ससीनवर महाराष्ट्राने 2016 मध्येच निर्बंध आणले होते. "बंदी कागदार," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तुमी बेळगावचे म्हंजे मलपीवाल्यांचे शेजारी मा?"

मलपी म्हणजे उडुपीजवळचं मोठं बंदर. तिकडचे हायस्पीड ट्रॉलर इथल्या पाण्यात घुसतात, ही मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांची जुनी तक्रार. मी म्हटलं, "काका, मलपी आम्हाला मालवणच्या दुपटीहून लांब." पण जेटीवर उभी असलेली केए-22 ची पाटी त्यांनी बघितली होती. आता काय सांगणार? बेळगावात आम्ही मराठी, मालवणात कर्नाटकातले. सीमाभागातल्या पोरांना हे नवीन नाही.

पंधरा वाव पाण्यावर, म्हणजे नव्वद फुटांवर, होडी हळू केली आणि बांगडा लावलेल्या दोऱ्या मागे सोडल्या. नदीवर आपण एका जागी बसतो आणि मासा येईल याची वाट बघतो. इथे होडीच माशाला शोधत फिरते. बूच नाही, बघायला काही नाही. दोन तास नुसती इंजिनाची धडधड आणि डिझेलचा वास. मळमळू नये म्हणून मी क्षितिजावरची नजर काढली नाही.

आणि मग रीळ किंचाळलं.

नदीत मोठा मासा लागला की त्याला रोखायचंच असतं, नाहीतर तो कपारीत किंवा बुडालेल्या झाडात शिरतो आणि दोरी अडकते. माझे हात आपोआप तेच करायला निघाले. काका ओरडले, "ओढू नको! जावंदे तेका!" इथे त्याला शिरायला कपार नाही, नुसतं पाणी. रिळाचा ब्रेक दोरीच्या ताकदीच्या साधारण पाव ते तिसरा हिस्सा ताणावर बांधलेला असतो. त्याहून जास्त ओढ लागली की रीळ स्वतःच घसरतं, दोरी तुटत नाही. कॉलेजात बीईला स्लिपिंग क्लच शिकलो होतो; तो काय असतो ते त्या दिवशी मनगटाला कळलं. शंभरेक मीटर दोरी बघता बघता गेली. ती परत मिळवायला वीस मिनिटं लागली, वीतवीत करून.

सुरमई निघाली. अकरा किलो. पाण्यातून आली तेव्हा निळ्या-चंदेरी अंगावर उभे पट्टे चमकत होते. दहा मिनिटांत सगळं राखाडी झालं. सुरमई 40 किलोंच्या पुढेही वाढते, पण गरीला अकरा किलोची लागूनही वर्ष झालं, असं काका म्हणाले.

जेटीवर लिलावाला मांडलेल्या सुरमया कोपरापर्यंतच्या हाताएवढ्या होत्या. महाराष्ट्राने 2023 मध्ये माशांचे किमान आकार ठरवून दिले, त्याहून लहान धरायचे नाहीत. ते मी काकांना म्हणालो. काकांना ठाऊक होतं.

"मी बारकी सोडीन," ते म्हणाले. "रात्री तो उजेडवालो सोडतलो?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सौदा आधीच ठरला होता: होडीचं भाडं माझं, मासा निम्मा निम्मा. काकांनी सुरी घेतली आणि शेपटीकडचा भाग बर्फात घालून थर्माकोलच्या खोक्यात भरून दिला. डोकं स्वतःकडे ठेवलं. त्याचं कालवण घाटावरच्यांना जमत नाही म्हणे. संध्याकाळी मच्छेत आमच्या गल्लीत चार घरी तुकड्या गेल्या. आईने तळल्या, आणि डोक्याचं ऐकल्यावर म्हणाली, "पुढच्या वेळी डोकं आण, मग बघू कुणाला जमत नाही ते."