कार्पेट एरियात न मावणारे

पुनर्विकासाबद्दल कुणी शंका काढली की लालबाग-परळमध्ये, गिरगावात एक उत्तर तयार असते: सकाळी बादली घेऊन संडासाच्या रांगेत उभे राहायची पाळी तुमच्यावर आली नाही, म्हणून तुम्हाला चाळ गोड वाटते. हे उत्तर खरे आहे. खरे असल्यामुळेच त्याच्या आडून बरेच काही खपवले जाते. तेव्हा आधी त्यातले खरे पदरात घेऊ आणि मग उरलेल्याचा समाचार.

वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या 207 बीडीडी चाळी सरकारने 1920 च्या दशकात बांधल्या. खोली 160 चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. अशा खोल्यांत तीन-तीन पिढ्या झोपल्या. सून न्हायला बसली की पुरुषांनी गॅलरीत जाऊन उभे राहायचे, दहावीच्या पोराने जिन्यातल्या दिव्याखाली अभ्यास करायचा, आणि पुढे त्याच्या सत्कारात भाषणे त्या दिव्यावरच व्हायची. चाळ सोडून तीस वर्षे झालेले लोक गणपतीच्या दिवसांत जे उमाळे काढतात त्यांत हा दिवा असतो, सून नसते. शेजारधर्माचेही तसेच. जानेवारी 1974 मध्ये वरळीच्या याच बीडीडी चाळींत दलित पँथर आणि शिवसेना यांच्या बाजूच्या लोकांत दंगल पेटली. सामाईक गॅलरी असली की माणसे आपोआप एकमेकांची होतात, हे म्हणणे तिथेच निकालात निघाले होते. आणि पडझडीचे काय? 31 ऑगस्ट 2017 रोजी पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळून 33 माणसे गेली. अशा भिंती जपा म्हणणाऱ्याने आधी त्यांच्या आत एक पावसाळा काढून दाखवावा.

म्हणजे चाळ पाडू नका, असे मी म्हणत नाही. पाडा. वाद त्यानंतरच्या गोष्टीचा आहे. 160 फुटांच्या जागी 500 फूट मिळाले, संडास घरात आला, लिफ्ट आली, आता आणखी काय हवे, असा जो पूर्वपक्ष आहे, तो चौरस फूट सोडून दुसरे काही मोजायलाच तयार नाही. बिल्डरने तसे मोजावे, त्याचा धंदाच तो. सरकार, वर्तमानपत्रे आणि खुद्द रहिवासी त्याच फूटपट्टीने मोजू लागले, ही खरी अडचण.

चाळीतले शेजारपण कुठून आले ते आधी पाहू. ते कुणाच्या मनाच्या मोठेपणातून आले नाही. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी 1940 च्या पातळीवर बांधून टाकली आणि भाडेकरूला हुसकावणे अवघड करून ठेवले. मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही. इमारती खचू लागल्या तेव्हा 1969 मध्ये उपकर लावून दुरुस्ती मंडळ काढावे लागले. ज्या कायद्याने भिंती कुजवल्या, त्याच कायद्याने माणसे जागेवर ठेवली, हे मात्र कुणी सांगत नाही. बाजूच्या खोलीत पुढची चाळीस वर्षे तेच कुटुंब राहणार, हे ठाऊक असले की भांडण कुठवर ताणायचे याचेही भान येते. उसने दिलेले परत येणार याची खात्री असते. पोरगे कुणाच्याही दारात सोडून कामावर जाता येते.

यातली खात्री पैशांत मोजता येते, आणि गरीब घरात ती मोजलीच जात होती. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका एकट्या राहणाऱ्या कामगारांना महिन्याच्या उधारीवर जेवू घालत. याच बायकांना प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाच्या नावाखाली संघटित केले आणि बँकेच्या कर्जापर्यंत नेले. 18 जानेवारी 1982 ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगार थांबल्यावर त्यांची घरे काही काळ तरी तगली त्यात गावाकडच्या तांदळाइतकाच वाटा वाण्याच्या वहीचा आणि शेजारणीच्या डब्याचा होता. म्हणजे शेजार हा त्या घरांच्या मिळकतीचा एक भाग होता. खोलीबरोबर तो पाडला जातो तेव्हा त्याची भरपाई कुठल्याच करारात नसते, कारण तो कार्पेट एरियात येत नाही.

आता पूर्वपक्षातला सर्वांत बळकट मुद्दा. नव्या घराचा मालक झालेला चाळकरी ते विकून बदलापूरला किंवा कोल्हापुरात मोठे घर घेतो, उरलेले पैसे बँकेत ठेवतो. तो सुखी, घेणारा सुखी, मग तुमच्या पोटात का दुखते? पोटात दुखण्याचे कारण नाही. ज्याला जायचे त्याने जावे, आणि चांगले पैसे घेऊन जावे. गिरणी कामगाराच्या पोराने जन्मभर लालबागेतच राहावे, असा हट्ट धरणारे बहुधा लालबागेत राहत नसतात. पण तो जातो आहे की घालवला जातो आहे, हे तपासायला हवे.

चाळीत महिन्याला शे-दोनशे रुपये भाडे. टॉवरमध्ये लिफ्ट, पंप, जनरेटर, सुरक्षारक्षक, अग्निशमन यंत्रणा आणि मलनिस्सारण यांचा खर्च. 500 फुटांपर्यंतच्या घरांना महापालिकेचा मालमत्ता कर 2022 पासून माफ आहे, हे ठीक झाले, पण लिफ्ट त्या माफीवर चालत नाही. यावर कॉर्पस, म्हणजे देखभालीसाठी डेव्हलपरकडून एकरकमी निधी, दिला जातो ना, असे म्हणतात. समजा कुटुंबामागे पाच लाख दिले आणि सात टक्के व्याज धरले, तर महिन्याला तीन हजारांच्या आतच हाती येतात. दहा वर्षांनी व्याज तेवढेच राहते, मेंटेनन्स राहत नाही, आणि लिफ्ट बदलायची पाळी नेमकी त्याच सुमाराला येते. त्यातून हा कॉर्पस बऱ्याच ठिकाणी सोसायटीच्या नावे न राहता ज्याच्या त्याच्या हातात पडतो. मग त्यातून मुलीचे लग्न होते, मॉड्युलर किचन होते. निवृत्त माणूस एकटा राहिला की थकबाकीची नोटीस येते, आणि मग कोपऱ्यावरच्या एजंटला फोन जातो. या विक्रीला खुशीची विक्री म्हणणे मला जड जाते.

2001 ते 2011 या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या 33 लाख 38 हजारांवरून 30 लाख 85 हजारांवर आली. याच काळात तिथे टॉवर उगवत होते. ही घट पुनर्विकासामुळेच झाली असे म्हणणे अडाणीपणाचे होईल. गिरण्या गेल्या, कुटुंबे वाढून उपनगरांत पांगली, घरांची दुकाने-कचेऱ्या झाल्या. तरी एवढे उघड आहे की इमारतींची उंची वाढली म्हणून वस्ती टिकते, असा काही नियम नाही. नव्या इमारतींत मराठी माणसासाठी घरे राखून ठेवा, ही मागणी अधूनमधून होते तेव्हा म्हणूनच हसू येते. बाहेरून येणाऱ्याचे आडनाव तपासायचे आणि आत असलेल्याला मेंटेनन्सच्या बिलाने बाहेर जाऊ द्यायचे, यात नक्की कोण वाचले?

आता जागेच्या रचनेकडे. पुनर्वसनाची म्हणजे रिहॅबची इमारत आणि विक्रीची इमारत यांची फाटके वेगळी, लिफ्ट वेगळ्या, बाग विक्रीवाल्यांच्या पोडियमवर. त्यावर 'एकच सोसायटी करा' अशी मागणी चळवळीतले लोक करतात. हेतू चांगला, पण आपल्याच बाजूची ही चूक दाखवायला हवी. सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सेवा शुल्क सर्व सदनिकांना सारखे असते, मग घर 300 फुटांचे असो की 1500 चे. विक्रीवाल्यांना जलतरण तलाव हवा झाला की त्याचा वाटा रिहॅबमधल्या आजोबांनाही तेवढाच. समतेच्या नावाने त्यांना बाहेर काढण्याचा याहून सोपा मार्ग नाही. दोन सोसायट्या राहू द्याव्यात. जमिनीवरचे अंगण, रस्ता आणि फाटक मात्र एकच असावे, आणि त्यांचा खर्च क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटला जावा.

गॅलरी गेली त्याचेही कारण फॅशन नाही, नियम आहे. बाल्कनी, फुलझाडांचे कट्टे, कोनाडे हे पूर्वी एफएसआयमध्ये, म्हणजे भूखंडावर बांधता येणाऱ्या क्षेत्राच्या मर्यादेत, धरले जात नसत. बिल्डर ते फुकटात बांधून पैसे लावून विकत. जानेवारी 2012 पासून ते एफएसआयमध्ये धरले जाऊ लागले आणि बदल्यात निवासी इमारतींना 35 टक्के जादा, म्हणजे फंजिबल, एफएसआय मिळाला. चोरी बऱ्याच अंशी थांबली, पण मोकळी गॅलरी ठेवणे म्हणजे विकता येणारे फूट फुकट घालवणे झाले. मग मजल्यावर उरते ती ट्यूबलाइट लावलेली लॉबी आणि बंद दारांच्या रांगा. तिथे कुणी तांदूळ निवडत बसणार नाही, आणि बसलेच तर वॉचमन विचारेल. मजल्यावरच्या सगळ्यांना खुली, एका बाजूने उघडी, विकता किंवा बंद करता न येणारी गॅलरी ठरावीक रुंदीपर्यंत एफएसआयमधून वगळावी, एवढी दुरुस्ती नियमावलीत करता येण्यासारखी आहे. तळमजल्यावर मंडळाला, बालवाडीला आणि पोळीभाजी केंद्राला जागा राखणे याला तर नियमही लागत नाही. नकाशा पास होण्याआधी रहिवाशांना अडून बसावे लागते.

हे स्वप्नरंजन आहे म्हणणाऱ्यांनी भेंडी बाजार पाहावा. साडेसोळा एकर, अडीचशेच्या आसपास जुन्या इमारती, सुमारे 3,200 कुटुंबे आणि जुनी दुकाने यांचा एकत्रित पुनर्विकास तिथे दाऊदी बोहरा समाजाच्या न्यासाने हाती घेतला. तिथेही टॉवरच आहेत, मलाही ते देखणे वाटत नाहीत. पण जे राहत होते त्यांना तिथेच ठेवायचे आणि दुकानदाराला दुकान परत द्यायचे, या हिशेबाने कामाची सुरुवात झाली. तिथे एक धर्मगुरू, एक न्यास, आपल्याकडे चार पक्ष आणि सहा मंडळे, हा फरक मला मान्य आहे. पण मग अडचण बाजाराची नसून आपल्या एकीची आहे, असे तरी सरळ म्हणावे.

राहिला शेवटचा आक्षेप: या सगळ्याचे पैसे कुणी द्यायचे? डेव्हलपर म्हणेल, प्रकल्प व्यवहार्य राहत नाही. इथे मला रहिवाशांशीही भांडायचे आहे. तीन डेव्हलपरांच्या ऑफर समोर येतात तेव्हा सभेत चर्चा एकाच रकान्यावर होते, कोण किती फूट जास्त देतो. वीस फूट जादा देणारा जिंकतो. दक्षिण मुंबईच्या भावाने त्या वीस फुटांची किंमत लाखांत होते. तो खर्च डेव्हलपरने आधीच हिशेबात धरलेला असतो, म्हणजे पैसे आहेत. फक्त ते कपाटाच्या जागेत घालायचे की कॉर्पसमध्ये, हे आपण ठरवतो. तेच वीस फूट सोडून त्यांची रक्कम सोसायटीच्या नावाने, मुद्दल मोडता येणार नाही अशा ठेवीत घालून मागता येते. रिहॅबची इमारत चाळीस मजल्यांऐवजी निम्म्या उंचीची मागता येते, म्हणजे लिफ्टचा आणि पंपाचा बोजा तरी घटतो. मोकळी जमीन त्यात थोडी जाईल, हे मान्य करूनच ती मागणी करावी लागेल. फिजिबिलिटी रिपोर्ट तर मागितलाच पाहिजे, आणि तो वाचून दाखवणारा आर्किटेक्ट डेव्हलपरच्या पगारावरचा नसावा.

उपकरप्राप्त इमारतींसाठी पूर्वी 70 टक्के भाडेकरूंची संमती लागे. आता 51 टक्के पुरते. म्हणजे शंभर खोल्यांच्या चाळीत एकावन्न जणांनी सह्या केल्या की उरलेल्या एकोणपन्नास जणांच्या गॅलरीचा, अंगणाचा आणि म्हातारपणाचा निर्णय झाला. वीस फुटांचा तक्ता घेऊन दारोदार फिरणारा माणूस त्या एकावन्न दारांपर्यंत आधी पोचलेला असतो. कॉर्पसच्या ठेवीचा आणि गॅलरीच्या रुंदीचा कागद घेऊन त्याच दारांवर, त्याच आठवड्यात दुसरे कुणी जायला हवे. संमतीपत्र बिनशर्त गेल्यावर त्या कागदाकडे बघायची गरज डेव्हलपरला उरत नाही.