सर्व्हर अपडेट झाला आणि ईमेल बिघडले: नेमकं होतं काय?

‘फी भरली, पैसे कट झाले, पण पावतीचा मेलच आला नाही.’ ऐन प्रवेशाच्या दिवसांत एका क्लायंटच्या वेबसाइटवर अशा तक्रारी यायला लागल्या. काहींना मेल मिळाला होता, पण वर ‘कंटेंट-टाइप’सारख्या विचित्र ओळी आणि खाली मराठीऐवजी अगम्य चिन्हं. आदल्याच रात्री आम्ही त्या सर्व्हरवरचं पीएचपी 7.4 वरून 8.2 वर नेलं होतं.

अपडेट टाळता येणार नव्हतं. 7.4 ला सुरक्षेचे अपडेट मिळणं नोव्हेंबर 2022 मध्येच बंद झालं. मग गडबड कुठे झाली?

प्रत्येक मेलमध्ये आधी हेडर असतो: कोणाकडून, कोणाला, विषय काय, मजकूर कुठल्या एन्कोडिंगमध्ये. मग एक रिकामी ओळ, आणि त्यानंतर मजकूर. हेडरची प्रत्येक ओळ दोन न दिसणाऱ्या चिन्हांनी संपावी, असं आरएफसी 5322 हे मानक सांगतं. पीएचपीचं मेल फंक्शन मात्र लिनक्सवर स्वतःच्या ओळींना एकच चिन्ह लावायचं. ही जुनी चूक 8.0 मध्ये सुधारली गेली. आमचा कोड त्या चुकीलाच धरून लिहिलेला होता. त्यामुळे काही ओळींना दोन चिन्हं, काहींना एक. मेल सर्व्हर गोंधळला आणि हेडर अर्धवट तुटून मजकुरात सांडला. एन्कोडिंगची ओळ हरवली, म्हणून मराठीही गेली.

8.2.4 पासून जुनी पद्धत परत आणणारी एक सेटिंग मिळते. ती लावून आम्ही ती रात्र काढली. दुसऱ्या दिवशी कोडमधल्या सगळ्या हेडरना दोन चिन्हं लावली आणि सेटिंग काढून टाकली.

खरा धडा वेगळाच आहे. आमच्या लॉगमध्ये सगळे मेल ‘गेले’ असंच दिसत होतं! फंक्शन ‘हो’ म्हणतं, तेव्हा मेल पुढच्या प्रोग्रामने घेतला एवढंच कळतं. पोचला की नाही, ते नाही. त्यात जीमेलने फेब्रुवारी 2024 पासून नियम कडक केलेत. मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम लागतं. जीमेलवर दिवसाला 5,000 हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही आणि डीमार्कही. हेडरही मानकाप्रमाणेच हवेत. नाहीतर मेल स्पॅममध्ये जातो किंवा परत फिरतो.

तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी स्पॅम बघा. पैसे कट झाले असतील तर घाईघाईने पुन्हा भरू नका. साइटवर लॉगिन करून अर्जाची स्थिती तपासा, व्यवहाराचा नंबर जपून ठेवा. मेल विचित्र दिसला तर कॉम्प्युटरवर जीमेल उघडा, तीन टिंबांच्या मेनूतून ‘शो ओरिजिनल’ निवडा आणि तो मजकूर हेल्पडेस्कला द्या.

आम्हाला असाच मजकूर एका विद्यार्थिनीने पाठवला होता. बिघाड सापडला तो त्यातूनच, आमच्या लॉगमधून नाही.