देवदारांच्या रानातले बेथलेहेम

नाताळात नांदेड जिल्ह्यातील नायगावच्या परिसरात ख्रिस्ती घरांतून मांडलेले गोठे पाहात फिरलो, की एकच खेडे पुन्हापुन्हा भेटते. उतरत्या छपरांची चार घरे, भोवती सूचिपर्णी वृक्षांचे दाट रान आणि सगळीकडे बर्फ. हे खेडे कोठले? बेथलेहेम तर नव्हे. बेथलेहेम डोंगरावर आहे, तेथे क्वचित बर्फही पडते. पण त्याच्या भोवती जैतुनाची झाडे, द्राक्षमळे व सातूची शेते, आणि पूर्वेला यहुदियाचे ओसाड रान. आमच्या गोठ्यातले खेडे युरोपातल्या थंड प्रदेशाचे आहे. तेथे हिवाळ्यात इतर झाडे निष्पर्ण होतात, हिरवी राहतात ती ही सूचिपर्णी. म्हणून जर्मन लोकांनी ती घरात आणली. त्यांच्या भूमीत ते चिन्ह खरे होते. अंगणातला कडुनिंब डिसेंबरात हिरवागार असताना आम्ही मात्र प्लास्टिकचे देवदार विकत आणतो. (सुरूच्या फांद्या आणणाऱ्यांना जाता जाता सांगतो : सुरू दिसायला तसा असला तरी सूचिपर्णी नव्हे.)

झाडांचे एक वेळ सोडा, कापसाचे काय? काही वर्षांपूर्वी आम्हीच देवळातल्या गोठ्यावर कापूस पसरून बर्फ केले होते. रोजंदारीने कापूस वेचणारी एक माउली तेथे थबकली आणि म्हणाली, “फादर, चांगला कापूस कामून नासवला वो?” बर्फ म्हणजे काय, हे तिला समजावू लागलो आणि आमचीच जीभ अडखळली. बोंडांच्या टोकांनी ओरखडलेल्या तिच्या बोटांनी जे वेचले, ते आम्ही तिने कधी न पाहिलेल्या देशाचे हवामान म्हणून प्रभूच्या छपरावर टाकले होते.

बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ ‘भाकरीचे घर’. त्याच गावच्या शिवारात परदेशी विधवा रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचत होती, आणि प्रभू येशूच्या वंशावळीत तिचे नाव आहे. पोटासाठी हैदराबाद गाठणाऱ्या, परक्या शेतात वेचणी करणाऱ्या आमच्या भगिनींना हे शुभवर्तमान देवदारांच्या रानातून कसे ऐकू यावे? संत लूक सांगतो ते मेंढपाळ रात्री रानात कळप राखीत होते. आमच्याकडे धनगर घोंगडे पांघरून शेतात मेंढ्या बसवतात, तरी गोठ्यातला मेंढपाळ मात्र गोरा आणि पायघोळ झग्यातला!

‘परंपरा आहे,’ असे उत्तर मिळते. कोणाची? संत फ्रान्सिसने 1223 साली इटलीतील ग्रेच्चो येथे नाताळचा देखावा मांडला, तेव्हा त्याने गव्हाणीत गवत घातले आणि जवळ जिवंत बैल व गाढव उभे केले. त्या गावच्या शेतकऱ्याकडे जे होते, तेच. ‘मुलांना बर्फ आवडते,’ असेही म्हणतात. मुलांना आपण दाखवू ते आवडते. दोष त्यांचा नाही, पालकांचाही फारसा नाही. सेमिनरीत परदेशी चित्रे पाहून गोठा बांधायला शिकलेल्या आम्हा धर्मगुरूंचा आहे.

यंदा आमच्या देवळात देवदार नसतील. छप्पर कडब्याचे, कुड तुराट्यांचा, आणि गव्हाण एका शेतकऱ्याच्या गोठ्यातली, बैलांनी चाटून गुळगुळीत केलेली. कापूस ज्यांचा, त्यांनी तो बाजारात न्यावा.