डिझेल मोटारीचा घरगुती हिशेब

मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यात घराच्या खालोखाल मोठा खर्च कोणता, या प्रश्नाला पूर्वी मुलीचे लग्न असे उत्तर येत असे. आज पुणे, नाशिक किंवा कोल्हापूर येथील कोणत्याही गृहनिर्माण संस्थेच्या आवारात नजर टाकली तर हे उत्तर बदलल्याचे दिसेल. पंधरा-वीस लाख रुपयांची, उंच बांध्याची, डिझेलवर चालणारी आणि गिअर आपले आपण बदलणारी मोटार, ज्या जातीला सर्वत्र ‘एसयूव्ही’ म्हणतात, ती आता केवळ कारखानदाराच्या किंवा बागायतदाराच्या दारात उभी नसते. बँकेतील अधिकारी, निवृत्त अभियंता, दोघेही नोकरी करणारे जोडपे हे तिचे ग्राहक आहेत आणि त्यांतील बहुतेकांनी ती पाच ते सात वर्षांच्या कर्जावर घेतलेली असते.

या मोटारीविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. पर्यावरणाचा कैवार घेणाऱ्यांच्या दृष्टीने ती शहराच्या हवेत कालवलेले विष आहे; विक्रेत्याच्या दृष्टीने ती दर किलोमीटरला पैसे वाचवणारी कामधेनू आहे. दोन्ही मतांत तथ्याचा अंश आहे. परंतु ही मोटार घेणाऱ्या कुटुंबाचे वर्षभराचे जीवन कसे असते, ती किती धावते, कोठे धावते आणि किती वेळ नुसती उभी राहून धुगधुगत असते, याचा विचार दोन्ही पक्ष क्वचितच करतात. खरा हिशेब मात्र तेथेच मांडावा लागतो.

किंमतीने लावलेली सवय

भारतीय कुटुंबाला डिझेलची गोडी लागली ती यंत्राच्या गुणांमुळे नव्हे, तर सरकारच्या दरपत्रकामुळे. शेतकऱ्याचा पंप, मालवाहू ट्रक आणि एस.टी.ची बस यांना महागाईची झळ लागू नये म्हणून डिझेलचा दर दीर्घकाळ कृत्रिमरीत्या खाली ठेवण्यात आला. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये नियंत्रणमुक्त झाले; डिझेलला मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत सरकारी छत्र होते. परिणामी मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल लिटरला सुमारे ७३ रुपये आणि डिझेल सुमारे ४१ रुपये अशी तफावत पडली. बत्तीस रुपयांचे हे अंतर पाहून ग्राहकाने डिझेलकडे वळू नये, अशी अपेक्षा करणे म्हणजे पाण्याने चढणीकडे वाहावे असे म्हणण्यासारखे होते. त्या सुमारास विकल्या जाणाऱ्या मोटारींत डिझेलचा वाटा निम्म्याच्या घरात जाऊन पोहोचला.

शेतकऱ्याच्या नावाने दिलेली सवलत कोणाच्या पदरात पडली, हेही पाहण्यासारखे आहे. २०१४ साली पेट्रोलियम मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार देशातील डिझेलच्या किरकोळ विक्रीत खासगी मोटारींचा वाटा सुमारे १३ टक्के होता आणि शेतीचा वाटाही जवळपास तेवढाच होता. अर्थशास्त्रज्ञ किरीट पारिख यांच्या समितीने २०१० सालीच यावर उपाय सुचवला होता. डिझेल स्वस्त ठेवायचेच असेल तर डिझेल मोटारीवर खरेदीच्या वेळी ८० हजार रुपयांचे जादा उत्पादनशुल्क घ्यावे, असे त्या समितीचे म्हणणे होते. ही शिफारस अमलात आली नाही. ज्या २०१२ साली स्वस्त डिझेलचे आकर्षण शिगेला होते, त्याच वर्षाच्या जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराची गणना निश्चित कर्करोगकारक पदार्थांत केली. एका हाताने आरोग्याची चिंता आणि दुसऱ्या हाताने धुराला अनुदान, असा तो काळ होता.

अंतराचे गणित

आता ते अंतर उरलेले नाही. २०२५ साली मुंबईत पेट्रोल सुमारे १०३ रुपये आणि डिझेल सुमारे ९० रुपये लिटर होते. तफावत बत्तीसवरून तेरावर आली. तरीही डिझेलची बचत संपली असे म्हणता येणार नाही, कारण डिझेलचे इंजिन एका लिटरमध्ये अधिक अंतर कापते. प्रश्न एवढाच, की ती बचत हाती येण्यास किती काळ लागतो.

एक सरळ उदाहरण घेऊ. समान आकाराच्या दोन स्वयंचलित गाड्या आहेत. पेट्रोलची पंधरा लाखांना, डिझेलची साडेसोळा लाखांना. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल मोटारीवर १२ टक्के आणि डिझेल मोटारीवर १४ टक्के एकरकमी वाहनकर पडतो. म्हणजे एकीवर एक लाख ऐंशी हजार, दुसरीवर दोन लाख एकतीस हजार. किंमत आणि कर मिळून डिझेलवाल्याने आरंभीच दोन लाख रुपये जास्त मोजले. शहर आणि महामार्ग असा मिश्र वापर धरून पेट्रोलचे ‘ॲव्हरेज’ बारा आणि डिझेलचे सोळा मानले, तर किलोमीटरमागे तीन रुपयांच्या आसपास वाचतात.

वर्षाला दहा हजार किलोमीटर फिरणाऱ्या कुटुंबाची बचत तीस हजार रुपये झाली. दोन लाख भरून निघण्यास जवळजवळ सात वर्षे लागली. परंतु हा हिशेबही अपुरा आहे, कारण ते दोन लाख बहुधा कर्जाऊ असतात. नऊ टक्के व्याज धरले तर पहिल्या वर्षी अठरा हजार रुपये व्याजातच जातात आणि सारी रक्कम वसूल होईपर्यंत साडेदहा वर्षे उलटतात. याउलट वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर धावणाऱ्या गृहस्थाची वसुली व्याजासह सव्वातीन वर्षांत होते. औषधांचा फिरता विक्रेता, जिल्ह्याजिल्ह्यांत कामे असलेला कंत्राटदार, दर आठवड्याला गावी शेतीवर जाणारा नोकरदार यांच्यासाठी डिझेल आजही किफायतीचे आहे. शाळा, कार्यालय, मंडई आणि वर्षातून दोनदा गावची वारी एवढाच ज्यांचा वापर आहे, त्यांच्यासाठी ते नाही. २०२५ साली देशभर वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल रूढ झाल्यावर पेट्रोलच्या गाड्यांचे ॲव्हरेज घटल्याची तक्रार मोठ्या प्रमाणात झाली आणि अनेकांचे मन पुन्हा डिझेलकडे झुकले. पण थोडे धावणाऱ्याचे गणित तेवढ्याने बदलत नाही.

गाळणीचे व्याकरण

पैशाच्या हिशेबाइतकाच महत्त्वाचा हिशेब यंत्राचा आहे आणि विक्रीच्या दालनात तो क्वचितच सांगितला जातो. १ एप्रिल २०२० पासून देशात ‘भारत टप्पा सहा’ ही उत्सर्जन-मानके लागू झाली. डिझेल मोटारीच्या धुरातील सूक्ष्म कणांची मर्यादा किलोमीटरला २५ मिलिग्रॅमवरून साडेचारवर आली. नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा २५० वरून ८० वर आली. ही सुधारणा खरी आहे आणि तिचे श्रेय धोरणाला द्यायला हवे. मारुतीसारख्या सर्वांत मोठ्या उत्पादकाने तर त्याच वेळी डिझेल मोटारी बनवणेच थांबवले. आज एकूण विक्रीत डिझेलचा वाटा पाचव्या हिश्श्याच्या आसपास घसरला आहे.

कणांची ही कपात साधते ती धुराच्या नळीत बसवलेल्या एका गाळणीमुळे. काजळी तिच्यात अडकते आणि साचली की सुमारे सहाशे अंश तापमानाला जाळून टाकावी लागते. गाडी महामार्गावर वीस-पंचवीस मिनिटे एका गतीने धावली, की हे काम चालकाच्या नकळत पार पडते. मुलांना दोन किलोमीटरवरच्या शाळेत सोडणे, परतताना भाजी घेणे, सायंकाळी सिग्नलच्या रांगेत अर्धा तास उभे राहणे, असा ज्या गाडीचा दिनक्रम आहे, तिची गाळणी पुरती तापतच नाही. जाळण्याची क्रिया सुरू होते आणि गाडी बंद केल्यामुळे अर्धवट राहते. काही रचनांत त्यासाठी सोडलेले जादा डिझेल इंजिनच्या तेलात उतरते. मग एके दिवशी चालकासमोर पिवळा दिवा लागतो आणि गॅरेजमधून सल्ला मिळतो : ‘साहेब, गाडी हायवेला मारून आणा.’ इंधन वाचावे म्हणून घेतलेली गाडी केवळ तिची काजळी जाळण्यासाठी रविवारी खंबाटकीपर्यंत नेऊन आणणारी कुटुंबे आज आहेत. काही गाड्यांत युरियाचे द्रावण वेगळ्या टाकीत भरावे लागते आणि ते संपले तर इंजिन पुन्हा सुरू होत नाही. यात यंत्राचा दोष नाही. लांब पल्ल्यासाठी घडलेल्या यंत्राला गल्लीबोळाची चाकरी लावल्याचा हा परिणाम आहे.

या त्रासावर बाजारात एक तोडगा मिळतो. गाळणी काढून टाकायची आणि गाडीच्या संगणकाला तिची आठवणच राहणार नाही अशी व्यवस्था करायची. हा तोडगा बेकायदेशीर तर आहेच, पण आर्थिक भाषेत सांगायचे तर तो स्वतःचा खर्च शेजाऱ्याच्या फुप्फुसावर टाकण्याचा प्रकार आहे. पायी शाळेत जाणाऱ्या ज्या मुलाच्या नाकासमोर हा धूर सुटतो, त्याच्या घरी मोटार असेलच असे नाही.

डावा पाय आणि घाट

स्वयंचलित गिअरची कथा याहून वेगळी आहे. त्यावर ‘ऐषाराम’ असा शिक्का मारणे अन्यायाचे होईल. पूर्वी अशी गाडी म्हणजे इंधन पिणारी, असे समीकरण होते. २०२४ साली बाजारात आलेल्या नव्या क्रेटाचे जाहीर आकडे पाहिले तर हाताने गिअर बदलणाऱ्या डिझेल गाडीचे ॲव्हरेज २१.८ आणि स्वयंचलित गाडीचे १९.१ आहे. दहा हजार किलोमीटरमागे हा फरक पासष्ट लिटरचा, म्हणजे वर्षाला सहा हजारांच्या आतला आहे. खरेदीच्या वेळी लाख-दीड लाख अधिक द्यावे लागतात, हा खरा भार. पण त्याच्या मोबदल्यात जे मिळते ते रुपयांत मोजणे कठीण आहे. गुडघेदुखीने गाडी चालवणे सोडलेले आजोबा पुन्हा चाकामागे बसतात. पूर्वी शेजारच्या आसनावर बसणारी गृहिणी स्वतः मुलांना घेऊन माहेरी जाते. दीड तासाच्या कोंडीत क्लचवर नाचणाऱ्या डाव्या पायाला विश्रांती मिळते. घरातील एका ऐवजी तिघांना वापरता येणारी वस्तू ही अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही अधिक उपयोगी वस्तू होय.

घाटात मात्र ‘स्वयंचलित’ या शब्दाने भुलून चालत नाही. गणपतीला सहकुटुंब, सहसामान कोकणात निघालेली गाडी कुंभार्ली किंवा आंबोली चढताना डिझेल इंजिनाचे बळ खरोखरच जाणवते. पण उतरताना गिअर मोटारीच्या मर्जीवर सोडून सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ब्रेक तापतात आणि त्यांची पकड सुटू लागते. बहुतेक गाड्यांत खालचा गिअर हाताने धरून ठेवण्याची सोय असते. ती कशी वापरावी, हे गाडी ताब्यात देताना पाच मिनिटांत शिकवता येईल. ती पाच मिनिटे बहुधा पेढ्यांत, हारात आणि छायाचित्रात जातात.

धोरणाची धरसोड

ग्राहकाने आपला हिशेब नीट करावा हे खरे. पण हिशेबातील आकडे मध्येच बदलणार असतील तर त्याने करावे काय? राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल वाहनांना बंदी केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली तीच भूमिका कायम ठेवली. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने केवळ वयावरून सक्तीची कारवाई नको असा अंतरिम आदेश दिला आणि पुढे ते संरक्षण ‘भारत टप्पा चार’ व त्यानंतरच्या वाहनांपुरते मर्यादित केले. डिसेंबर २०१५ मध्ये दोन हजार सी.सी. व त्यावरील डिझेल मोटारींची नोंदणी त्या परिसरात थांबली, तेव्हा महिंद्र कंपनीने १.९९ लिटरचे इंजिन बाजारात आणले. ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का उपकर घेऊन बंदीच उठली. २०२३ च्या मे महिन्यात एका सरकारी सल्लागार समितीने दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत २०२७ पर्यंत चारचाकी डिझेल वाहने बंद करावीत असे सुचवले. त्याच सप्टेंबरात केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी डिझेल वाहनांवर दहा टक्के जादा कराची भाषा केली आणि त्याच दिवशी असा प्रस्ताव सध्या विचाराधीन नसल्याचा खुलासाही केला.

या प्रत्येक घोषणेची किंमत कोणीतरी मोजतो. ज्याला दर पाच वर्षांनी गाडी बदलणे परवडते तो मोजत नाही. ज्याने सात वर्षांचे कर्ज काढून ‘ही गाडी पंधरा वर्षे वापरू’ असे ठरवले आहे, तो मोजतो. दहा वर्षांच्या वयोमर्यादेच्या नुसत्या चर्चेनेही जुन्या गाडीचा भाव उतरतो आणि साडेदहा वर्षांत वसुली होणाऱ्या खरेदीचा पायाच निखळतो.

यावर उपाय अवघड नाहीत. उत्सर्जनाची परीक्षा वाहनाच्या जन्मसालावरून नव्हे तर प्रत्यक्ष धुरावरून घ्यावी आणि त्या परीक्षेत गाळणी जागेवर आहे की नाही हेही तपासावे, आजच्या पी.यू.सी.च्या कागदाला ते सामर्थ्य नाही. बंदी घालायचीच असेल तर ती पुढे विकल्या जाणाऱ्या वाहनांना, निदान दहा वर्षांची पूर्वसूचना देऊन घालावी. डिझेल मोटारीचा कर खरेदीच्या वेळी घेण्यात एक दोष आहे : वर्षाला पाच हजार किलोमीटर फिरणारा आणि तीस हजार फिरणारा यांना तो सारखाच पडतो. पण तोच कर इंधनावर टाकला तर त्याची झळ एस.टी.च्या प्रवाशाला आणि भाजीच्या टेम्पोला लागेल. म्हणून दोषासह तो खरेदीच्या वेळीच घेणे इष्ट. विक्रेत्याने मात्र गाडी ताब्यात देण्याआधी नव्हे, तर नोंदणीची रक्कम स्वीकारण्याआधी ग्राहकाला एकच प्रश्न विचारणे सक्तीचे करावे : वर्षात किती फिरता आणि त्यांतील महामार्गावर किती? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर मिळाले तर शाळा आणि मंडई यांच्यापलीकडे न जाणारी निम्मी कुटुंबे तरी डिझेलच्या वाट्याला जाणार नाहीत, आणि ज्यांना त्याची खरी गरज आहे त्यांना ते निर्धास्तपणे घेता येईल.