पावडर आधी की दवाखाना?

माणसांच्या टॉनिकांच्या जाहिराती आपण वर्षानुवर्षे पाहत आलो. आता कुत्र्या-मांजरांचा मेंदू तल्लख ठेवणाऱ्या आणि भीती घालवणाऱ्या पावडरी, गोळ्या, वड्या निघाल्या आहेत. शिरूर-दौंडलाही त्या मोबाईलवरून घरपोच येतात. पगारात घर चालवणाऱ्याने डबा मागवण्याआधी थोडा हिशेब मांडावा.

आधी भीतीचे पाहू. शिरूर तालुक्यातील उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. तिथे वस्तीवरचा कुत्रा रात्री भुंकतो, दार ओरबाडतो. तो आजारीच असेल असे नाही. त्याला बिबट्याचा वास लागलेला असू शकतो. अंगणात साखळीने बांधलेला कुत्रा तर बिबट्याला घरापर्यंत बोलावतो. त्याला गोळी नको, रात्री बंदिस्त निवारा हवा. दिवाळीचे फटाके किंवा वरातीचा डीजे असेल, तर आतल्या खोलीत खिडक्या लावून घ्यावे व जवळ बसावे.

या गोळ्यांत दुधातील प्रथिनापासून काढलेला घटक किंवा चहाच्या पानातील थिॲनिन असते. काही छोट्या अभ्यासांत त्यांचा थोडा गुण दिसला आहे, मोठा नव्हे. मात्र थिॲनिन चहात असते म्हणून कुत्र्याला चहा पाजू नये. चहातले कॅफिन त्याला बाधते.

आता म्हातारपण. ओळखीच्या घरात वाट चुकणे, रात्री जागून फिरणे, घरात घाण करणे ही मेंदू थकल्याची लक्षणे असू शकतात. २००१ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांना ११-१२ वर्षांच्या २८ टक्के, तर १५-१६ वर्षांच्या ६८ टक्के कुत्र्यांत असे एखादे तरी लक्षण आढळले. २०१० सालच्या एका अभ्यासात २४ म्हाताऱ्या कुत्र्यांपैकी काहींना आठ महिने विशिष्ट स्निग्धांश असलेला आहार दिला, तेव्हा त्यांची शिकण्याची क्षमता काहीशी सुधारली. पण अभ्यास करणाऱ्यांत प्राणी-खाद्य कंपनीचे संशोधकही होते, हे ध्यानात ठेवावे. घरी भाकरीवर खोबरेल ओतणे म्हणजे तो आहार नव्हे. जादा तेलाने जुलाब होतात, स्वादुपिंडालाही सूज येऊ शकते.

शिवाय हीच लक्षणे सांधेदुखी, बहिरेपणा, मोतीबिंदू किंवा मूत्रपिंडाच्या विकारातही दिसतात. पावडर चारत बसलो तर मुका जीव दुखणे सोसत राहतो. म्हणून आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. डॉक्टरांनी सांगितले तरच पूरक आहार द्यावा आणि दोन महिन्यांत फरक दिसला नाही तर त्यांना विचारून बंद करावा. घरातल्या माणसांच्या गोळ्या तर कधीच देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, शांत कुत्रा एकाएकी चिडू लागला, लाळ गाळू लागला, त्याला गिळता येईना, तर ती पिसाळीची शंका समजावी. अशा कुत्र्याच्या तोंडात गोळी घालायला हात नेऊ नका. मुलांना दूर ठेवा, पशुवैद्यांना कळवा. कुणाला चावला किंवा ओरखडले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा.

तेव्हा घरखर्चाच्या वहीत कुत्र्याच्या नावे पहिली रक्कम दरवर्षीच्या पिसाळीच्या लसीची लिहा, दुसरी पोटभर अन्नाची, तिसरी तपासणीची. त्यातून काही उरले, तर पावडरीचा विचार करा.