शंभर फेऱ्या, तीन मिनिटे

सर्जापूर रोडवर राहणाऱ्या माणसाने घरातल्या सुरांची काळजी करावी, हे ऐकून कुणालाही हसू येईल. इब्लूरच्या चौकापासून दोड्डकन्नल्लीपर्यंत दिवसभर हॉर्न, आणि सोसायटीच्या फाटकाशी पाण्याचे टँकर. पण बेळगावचे घर आवरून आम्ही दोघे लेकीकडे राहायला आलो, ते अण्णांच्या रेकॉर्डी आणि त्यांचा पेटीवजा रेकॉर्ड प्लेअर घेऊनच.

पहिल्याच आठवड्यात जावई म्हणाले, "बाबा, हा प्लेअर बदलू या."

मला ते रुचले नाही. अण्णांनी तो पगारातून पैसे बाजूला टाकून घेतलेला. रात्री जेवणे झाली की मल्लिकार्जुन मन्सूरांची एक लाँग प्ले लागायची, तीही बहुतेक वेळा दुसरी बाजू. अण्णा गेल्यावर त्यांच्या आठवणीसाठी तीच बाजू मी लावत आलो. अलीकडे शेवटच्या ताना फाटल्यासारख्या ऐकू येत, पण मी म्हणायचो, रेकॉर्ड जुनी झाली, माणसे होतात तशी.

जावयांनी वाद घातला नाही. ती तबकडी खिडकीपाशी उजेडात तिरपी धरली. पहिली बाजू काळीभोर, तुकतुकीत. दुसरी बाजू राखाडी. मग सोने तोलतात तसला एक छोटा काटा आणून त्यावर प्लेअरची पिन टेकवली. सात ग्रॅम! चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला दोन ग्रॅमच्या आसपास भार पुरतो. सात ग्रॅम म्हणजे काय मोठे, असे तुम्ही म्हणाल. पण पिनेचे टोक केसाहून बारीक, सगळा भार तेवढ्या जागेवर. त्यात पिन नीलमाची. हिऱ्याची पिन शेकडो तास चालते, नीलमाची काही दहा तासांतच झिजते. आणि आमची पिन शेवटची बदलली तेव्हा मी कॉलेजात होतो. झिजलेली पिन वाजवत नाही, कोरते. आठवण म्हणून जितक्या वेळा ती बाजू मी लावली, तितक्या वेळा थोडी थोडी खरवडून काढली होती.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, एवढेच सांगतो.

नवा टर्नटेबल आला. पट्ट्यावर फिरणारा, साधाच. जावयांचा डोळा त्याहून महागड्यावर होता, पण इथे मी सासरेपण वापरले. माझे मत असे, की पैसे आधी पिनेवर आणि कार्ट्रिजवर घालावेत, मग हातावर, आणि उरले तर लाकडी चौकटीवर. दुकानात नेमके उलटे दाखवतात, कारण चौकट दिसते आणि पिन दिसत नाही. आम्ही लंबगोल टोकाची हिऱ्याची पिन घेतली. जुनी पिन गोल टोकाची. लंबगोल टोक खाचेच्या भिंतीला थोड्या वेगळ्या जागी टेकते, म्हणजे जुन्या पिनेने जिथे खरवडले नसेल, तिथे कदाचित काही शिल्लक सापडेल, असे जावयांचे म्हणणे. मी विश्वास ठेवला नव्हता.

जोडणी झाली आणि आवाज आला डासासारखा. खर्ज नाहीच. कारण साधे होते. जुन्या सिरॅमिक कार्ट्रिजमधून बराच जोरकस विद्युतप्रवाह निघतो, मॅग्नेटिकमधून जेमतेम चार-पाच मिलिव्होल्ट. शिवाय रेकॉर्ड कापतानाच खर्ज कमी आणि तार जास्त ठेवलेला असतो, नाहीतर खर्जाच्या लाटांनी खाचा एकमेकींत घुसतील. हे उलटे गणित पुन्हा सुलटे करायला फोनो प्रीअँप लागतो. आमच्या अँप्लिफायरला तो नव्हता. तो आणल्यावर घूं घूं सुरू झाले. टर्नटेबलची अर्थिंगची बारीक वायर लोंबतच राहिली होती. ती स्क्रूखाली दाबली आणि घर शांत झाले. स्पीकर त्याच शोकेसवर होते, ते खाली उतरवले. गवंड्याकडून लेव्हलची नळी मागून आणली. फरशी एका बाजूला उतरती निघाली, हे फ्लॅटचे हप्ते भरणाऱ्या लेकीला आम्ही सांगितले नाही.

मग वेग. लाँग प्ले मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेऱ्या घेते, म्हणजे तीन मिनिटांत बरोबर शंभर. तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवून नातवाला मोजायला बसवले. नव्यावर शंभर भरल्या. सहज म्हणून जुन्यावरही मोजल्या, तर एकशे तीन! शंभरात तीन म्हणजे जवळजवळ अर्धी पट्टी वर. सौ. पेटी वाजवते. लग्न झाल्यापासून ती म्हणत आली होती की तुमच्या घरचे मन्सूर कुठल्याच पट्टीत बसत नाहीत. अण्णा हसून सोडून देत. आता तिने काही न बोलता माझ्याकडे नुसते पाहिले.

आणखी एक गोष्ट या खटाटोपात कळली. तबकडीच्या बाहेरच्या कडेला पिनेखालून सेकंदाला पन्नास सेंटिमीटर खाच सरकते, आत लेबलापाशी जेमतेम वीस. म्हणजे आत येईल तसे सूर दाटीवाटीने कोरलेले. आणि आपला ख्याल तर शेवटीच द्रुत होतो! जिथे तबकडीला जागा सर्वांत कमी, तिथेच गवई तानांचा पाऊस पाडणार. म्हणूनच पिन जरा वाकडी बसली किंवा झिजली, की पहिला बळी द्रुत तानांचा. जावई दोन संध्याकाळ कागदी मापावर पिन सरळ करत बसले होते. ते वेड नव्हते, हे मला तेव्हा उमगले.

रेकॉर्ड आधी पाण्याने धुतली, लेबल जपून. मग दुसरी बाजू लावली. प्रथम मला चुकल्यासारखेच वाटले, आवाज खाली उतरलेला, चाल निवांत. माझ्या कानांना एकशे तीन फेऱ्यांची सवय. पण मग मागचे तंबोरे ऐकू आले. ते बेळगावला कधी ऐकलेच नव्हते. द्रुतात खरखर आली, शेवटची दोन-तीन मिनिटे फाटलेलीच आहेत, ती परत येणार नाहीत. पण त्याआधीच्या बऱ्याच ताना सुट्या, मोकळ्या आल्या. सौ.ने पेटीवर सूर धरून पाहिला आणि मान डोलावली.

जुना प्लेअर मात्र कुणाला दिलेला नाही. अण्णांकडे अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी आहे, अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची, लाखेची. गदगचे अकरा वर्षांचे भीमसेन जी ऐकून 1933 साली घर सोडून निघाले, तीच. नव्या टर्नटेबलवर तो वेग नाही, आणि त्या रुंद खाचेत बारीक पिन तळाशी लोळते. जुन्याच्या कार्ट्रिजला उलटसुलट दोन पिना आहेत, त्यातली जाड पिन तिच्यासाठीच. ती तेवढी नवी मागवली आहे. दुसरी, लाँग प्लेची पिन मी उपटून काढली आणि डबीत ठेवली, नातवाच्या हाती लागणार नाही अशी.